दिवाणखान्यांतलें समुद्रपुष्प

या सदरांतून आजवर आम्ही तुळशीवरील कीड, भिंतीवरील पाल, कुंडींतील गोगलगाय अशा घरगुती सोबत्यांविषयीं वाचकांशीं बोलत आलों. या खेपेचा पाहुणा दूरचा आहे; परंतु तो आमच्याच दिवाणखान्यांत येऊन बसल्यामुळें त्याजविषयीं लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

मनीषनगरांतील आमच्या घरीं दसऱ्यानंतरच्या रविवारीं पुतण्यानें एक प्लॅस्टिकची पिशवी आणिली. पिशवींत पाणी, आणि पाण्यांत ओल्या रुमालाच्या घडीसारखें कांहींतरी पांढरें. धाकट्या मुलांनीं त्यास फूल म्हटलें, वहिनींनीं गोळा म्हटलें, आणि आमच्या मातोश्रींनीं, ज्यांचें वय ब्यायशी वर्षांचें आहे, चष्मा लावून तें नीट पाहिलें व विचारिलें, "हें जिवंत आहे का?" पुढील तीन आठवडे आमच्या घरांत जें जें घडलें तें या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यापायींच घडलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

ती वस्तु म्हणजे समुद्रपुष्प. दुकानांत त्यास 'ॲनिमोनी' म्हणतात. नांवांत पुष्प असलें तरी हा प्राणी होय, आणि पोवळीं व जेलीफिश यांच्या गोतावळ्यांतला होय. खालीं खडकास चिकटणारा तळवा, त्यावर नळीसारखें मांसल धड, आणि माथ्यावर एक तबकडी. तबकडीच्या मध्यभागीं तोंड व भोंवतीं बोटांसारख्या लवचीक शुंडिका, एवढाच काय तो त्याचा संसार. मेंदू नाहीं, डोळे नाहींत, हाडें नाहींत. अन्न ज्या वाटेनें आंत जातें त्याच वाटेनें टाकाऊ बाहेर येतें. शुंडिकांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येकींत एक अतिसूक्ष्म विषारी तंतु गुंडाळून ठेवलेला असतो, आणि भक्ष्याचा स्पर्श होतांच तो उसळून बाहेर येतो. आपल्या बोटांस या शुंडिका बहुधा नुसत्या चिकट लागतात, परंतु नाजूक त्वचेवर पुरळ उठूं शकतें. तेव्हां हातमोजे घातल्यावांचून त्यांस हात लावूं नये. हात लावण्याचें कारणही सहसा पडूं नये.

हें पुष्प घरीं येण्यास कारण झाले ते दोन मासे. गेल्या श्रावणांत पुतण्यानें हट्ट धरून सुमारें दोनशें लिटरांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली व तींत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश सोडले. २००३ सालीं निघालेल्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटानें या माशास जगभर घरोघरीं नेलें, आणि मासा व समुद्रपुष्प यांची जोडी मुलांच्या मनांत कायमची बसविली. जोडी खरी आहे. या माशांच्या सुमारें तीस जाति आहेत व समुद्रपुष्पाच्या दहा जाति त्यांना आसरा देतात. माशाच्या अंगावर एक विशिष्ट चिकट लेप असतो, त्यामुळें दंशपेशी त्याच्यावर सुटत नाहींत; इतर मासे जेथें मरतात तेथें हा सुखानें लोळतो. परंतु समुद्रांत माशास शत्रु असतात म्हणून त्यास आश्रय लागतो. कांचेच्या टाकींत शत्रु कोठले? हल्लीं विकले जाणारे पुष्कळ क्लाउनफिश टाकींतच जन्मलेले असतात आणि त्यांनीं जन्मांत समुद्रपुष्प पाहिलेलेंही नसतें. त्यांचें त्यावांचून कांहींएक अडत नाहीं. हें आम्हांस पिशवी घरीं येण्यापूर्वीं ठाऊक असतें तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

असो. पाहुणा आला, तर तो कोण हें पाहणें भाग होतें. दुकानदारानें नांव सांगितलें होतें 'सेबा', आणि किंमत घेतली होती ती पांढऱ्या रंगाबद्दल थोडी अधिक. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही भिंग घेऊन टाकीपाशीं बसलों.

नवशिक्याची नजर शुंडिकांवर जाते, आणि तेथेंच तो फसतो. शुंडिकांचा आकार प्रकाश, भूक व पाण्याचा ओघ यांप्रमाणें बदलत असतो. एन्टाक्मिया क्वाड्रिकलर या जातीची ख्याति शुंडिकांच्या टोकांस येणाऱ्या बुडबुड्यांसारख्या फुगीर गांठींबद्दल आहे. परंतु त्याच गांठी महिनेन् महिने नाहींशा होऊन टोकें साधीं निमुळतीं राहिल्याचीं उदाहरणें कितीतरी आहेत. म्हणून फूल ओळखावयाचें तर पाकळ्या न पाहतां देठ पाहावा. एन्टाक्मियाचा देठ गुळगुळीत असतो व तें खडकाच्या भेगेंत पाय रोवतें. हेटेरॅक्टिस मॅग्निफिका याचा देठ जांभळा, तांबडा असा भडक रंगाचा असतो, शुंडिका बोथट असतात, आणि त्यास उंच खडकाच्या माथ्यावर भरपूर उजेडांत बसावयास हवें असतें. मॅक्रोडॅक्टिला डोरीन्सिस याच्या देठाचा खालचा भाग नारिंगी किंवा तांबडा. शुंडिका थोड्या, लांब आणि मळसूत्राप्रमाणें पिळलेल्या. स्टायकोडॅक्टिला हॅडोनी हें तर वाळूवर अंथरलेल्या गालिच्यासारखें दिसतें, व त्याच नांवानें विकलें जातें. त्याच्या शुंडिका आंखूड पण चिकटण्यांत पक्क्या, आणि लहानसहान मासा गिळून टाकण्यास तें मागेंपुढें पाहत नाहीं. हें आपल्या मन्नारच्या व कच्छच्या आखातांतही सांपडतें.

आमच्या पाहुण्याचा देठ राखट, चामड्यासारखा ताठ होता. त्यावर चामखिळींसारखे ठळक फोड होते व त्यांना वाळूचे कण चिकटलेले होते. शुंडिका लांब, निमुळत्या, टोकें जांभळीं. पुस्तकांशीं ताडून पाहतां हेटेरॅक्टिस क्रिस्पा या जातीविषयीं संशय राहिला नाहीं. बाजारांत यासच 'सेबा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तेव्हां नांव चुकलें तरी दुकानदारास फारसा दोष देतां येत नाहीं. दोष होता तो रंगाचा.

निरोगी क्रिस्पाचा रंग पिंगट, दूध कमी घातलेल्या चहासारखा असतो. कधीं त्यांत हिरवट झांक असते. हा रंग त्याच्या अंगचा नव्हे. त्याच्या शरीरांत एकपेशीय शैवाल कोट्यवधि संख्येनें वस्ती करून असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वाटा यजमानास देतें. मोबदल्यांत त्यास निवारा व खत मिळतें. पाणी फार तापलें, प्रवासांत अंधारांत फार काळ गेला, किंवा पाण्यांतला क्षार एकाएकीं बदलला, कीं ही वस्ती उठते आणि पुष्प पांढरें पडतें. म्हणजे आमच्या पुतण्यानें ज्या शुभ्रतेवर लुब्ध होऊन चार पैसे अधिक मोजले ती शुभ्रता उपासमारीची होती. पांडुरोग्यास गोरा म्हणून पसंत करावें तसाच हा प्रकार! लिंबासारखीं पिवळीं किंवा गडद गुलाबी पुष्पें कोणी दाखवूं लागला तर वाचकांनीं आणखी सावध व्हावें. अशीं बरींच पुष्पें आधींच पांढरीं पडलेलीं असून त्यांस वर रंग दिलेला असतो.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं तें आकसून लिंबाएवढें झालें होतें व तोंडांतून तपकिरी धागे बाहेर येत होते. मुलें रडकुंडीस आलीं. परंतु समुद्रपुष्प मधून मधून अंगांतलें पाणी टाकून आकसतें, व कांहीं तासांनीं नवें पाणी घेऊन फुलतें, हें त्याचें नेहमींचेंच आहे. काळजी केव्हां करावी? तोंड आ वासून सैल पडलें, तळवा कशासही धरीना, शुंडिका चिकटेनाशा झाल्या, किंवा तळव्यास चीर गेलेली दिसली, म्हणजे. तळव्याची चीर तर खरेदी करतांनाच पाहावयाची. खडकावरून ओरबाडून काढतांना ती पडते, आणि तशी चीर असलेलें पुष्प पुष्कळदां वांचत नाहीं. मेलेलें समुद्रपुष्प ओळखण्यास मात्र शास्त्र लागत नाहीं, नाक पुरतें. तें तसें झाल्यास क्षणाचाही विलंब न लावतां बाहेर काढावें, कारण त्याच्या कुजण्यानें जो अमोनिया सुटतो तो टाकींतल्या सर्व जीवांस मारूं शकतो. आमचें पुष्प दुपारीं चारच्या सुमारास पुन्हां फुललें, आणि मातोश्रींना त्यांच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर मिळालें.

दुसरा प्रश्न याहून अवघड निघाला. शैवालाची वस्ती उठलेली असल्यामुळें या रोग्यास बाहेरून अन्न देणें आवश्यक होतें, आणि त्याचें अन्न म्हणजे कोळंबी किंवा मासळी. आमच्या घरांत चार पिढ्यांत कांदाही चतुर्मासांत शिजलेला नाहीं! वहिनींनीं फ्रिज आपला असल्याचें स्पष्ट सांगितलें. बंधूंनीं भाताची शितें सुचविलीं. तीं अर्थातच निरुपयोगी, उलट पाणी नासविणारीं. दोन दिवस घरांत या विषयावर धुसफूस चालली. अखेर मातोश्री म्हणाल्या, "त्याला कोणी बोलावलं होतं? तुम्हीच आणलंत ना? मग त्याचं जे अन्न असेल ते त्याला द्या. आपल्या देव्हाऱ्याशी त्याचा काय संबंध?" या निकालावर अपील नव्हतें. वाळविलेल्या बारीक सागरी कोलीमाचा एक डबा आणून तो जिन्याखालच्या चपलांच्या कपाटांत ठेवण्यांत आला, त्याचा चिमटा निराळा, वाटी निराळी, आणि तें काम पुतण्यानें स्नानापूर्वीं उरकावयाचें, अशी व्यवस्था ठरली. पुष्पाच्या तोंडापेक्षां मोठा घास देऊं नये. आठवड्यांतून एकदोनदां, टाकीच्याच पाण्यांत भिजवून, शुंडिकांवर हलकेच सोडावा. घेतला तर ठीक. टाकून दिला तर लागलीच उचलून घ्यावा.

पाण्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें जरूर आहे, कारण नागपुराच्या कोणत्याही दिशेस पांचशें किलोमीटरांच्या आंत समुद्र नाहीं आणि येथें समुद्र घडवावा लागतो. वहिनींनीं पहिल्या दिवशीं आपण होऊन सैंधवाची पुडी पुढें केली होती. त्यांचा हेतु चांगला होता, परंतु सैंधव काय किंवा आयोडिनयुक्त मीठ काय, तें मुख्यतः एकच लवण. समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदि अनेक द्रव्यें ठराविक प्रमाणांत असतात. त्यासाठीं तयार सागरी लवण मिळतें. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या मानानें तें घालून पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ च्या दरम्यान ठेवावें. तेंही नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यांत घालूं नये. घरांतील पिण्याच्या शुद्धियंत्राचें पाणी चालेल असें आम्हांस वाटलें होतें. परंतु त्या यंत्रांत चवीसाठीं थोडें मूळ पाणी पुन्हां मिसळण्याची सोय पुष्कळदां केलेली असते, आणि त्याबरोबर नको असलेलीं द्रव्येंही परत येतात. मोजून पाहावें, आंकडा शून्याच्या जवळ असला पाहिजे. टाकींतलें पाणी उडून गेलें म्हणजे भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे, कारण पाणी उडतें व मीठ मागें राहतें. ही एवढी गोष्ट न कळल्यामुळें आमच्या टाकींतला क्षार भाद्रपदांत भलताच चढला होता. आणि माशांच्या औषधांत तांबें असतें. तें समुद्रपुष्पास विष आहे.

मूळ चूक मात्र याहूनही आधींची होती. टाकी मांडून तेव्हां जेमतेम अडीच महिने झाले होते. नव्या टाकींत माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो; त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु दगडावाळूंत वस्ती करावयास चारसहा आठवडे घेतात. मासे तेवढ्यांत तगतात. समुद्रपुष्पास त्याहून मुरलेलें पाणी लागतें. निदान सहा महिने, आणि वर्ष झालें तर बरें, असा जाणत्यांचा सल्ला आहे. लोणचें मुरावयास वेळ देणाऱ्या घरांत हें कोणास सुचूं नये याचें आम्हांस अजून नवल वाटतें.

पाणी रुचलें नाहीं कीं समुद्रपुष्प चालूं लागतें. होय, चालूं लागतें. तळवा सोडून, सरपटत, कधीं प्रवाहाबरोबर तरंगत. दुसऱ्या आठवड्यांतील एका रात्रीं अडीच वाजतां पुतण्या पाणी प्यावयास उठला, तों जागेवर पुष्प नाहीं. सर्व घर जागें झालें. विजेरीच्या उजेडांत तें पंपाच्या तोंडाशीं सांपडलें. चारपांच शुंडिका आंत ओढल्या गेल्या होत्या. पंप तत्काळ बंद करून आम्ही थांबलों. ओढून काढावयाचें नाहीं, तें आपण होऊन सुटेपर्यंत वाट पाहावयाची, एवढें वाचलेलें होतें. चाळीस मिनिटें लागलीं. मातोश्री खुर्चींत बसून जप करीत होत्या. पांच शुंडिका गेल्या. त्या पुन्हां येतात. ज्यांस समुद्रपुष्प ठेवावयाचें असेल त्यांनीं तें आणण्यापूर्वीं पंपाच्या प्रत्येक तोंडास स्पंजाची टोपी बसवावी. आम्हीं ती दुसऱ्या दिवशीं बसविली.

त्या रात्रीं पुतण्यानें विचारिलें कीं हें असें किती वर्षें सांभाळावें लागेल? आम्हीं त्यास एडिंबरा येथील आजीबाईंची हकीकत सांगितली. सर जॉन डॅलियेल या स्कॉटलंडच्या गृहस्थानें १८२८ सालीं नॉर्थ बर्विकच्या किनाऱ्यावरून एक लहानसें तांबूस समुद्रपुष्प घरीं आणून कांचेच्या बरणींत ठेविलें. ते १८५१ सालीं वारले. पुष्प जिवंत होतें. तें एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे जात जात एडिंबराच्या वनस्पति-उद्यानाच्या पालकांकडे आलें. लोक त्यास 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत; शेंकडों पिलें त्यास झालीं. तें मेलें १८८७ च्या ऑगस्टांत, बरणींत आल्यावर एकूणसाठ वर्षांनीं. तें थंड किनाऱ्यावरचें, भरतीओहोटीचे हाल सोसणारें काटक जातीचें होतें, आणि आमच्या क्रिस्पाशीं त्याची बरोबरी नाहीं, हें खरें. तरी समुद्रपुष्पास म्हातारपण म्हणून कांहीं ठरलेलें दिसत नाहीं, आणि टाकींत बहुतेक समुद्रपुष्पें लौकर मरतात तीं वयानें मरत नाहींत. पुतण्या बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "मग मी शिकायला बाहेर गेल्यावर?" यावर कोणीं कांहीं उत्तर दिलें नाहीं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीं बंधूंनीं मार्ग काढला. लक्ष्मीनगरांत त्यांचे एक महाविद्यालयीन स्नेही राहतात. त्यांची टाकी चार वर्षांची मुरलेली, दिवे चांगले, आणि पाणी थंड ठेवण्याचें यंत्रही आहे. त्यांनीं समुद्रपुष्प पाहिलें, तोंड घट्ट मिटलेलें आहे एवढें पाहून मान डोलावली, आणि तें ठेवून घेण्याचें कबूल केलें. पिशवी त्यांच्या टाकींत तरंगत ठेवून, बारीक नळीनें थेंब थेंब पाणी सोडीत त्यांनीं दीड तास त्यास नव्या पाण्याची संवय करविली. दिवे त्या दिवशीं मंदच ठेविले. मातोश्री या पाठवणीस 'माहेरपण' म्हणतात. मुलांना प्रारंभीं वाईट वाटलें.

त्या गृहस्थांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांस कळविणें आम्हांस अगत्याचें वाटतें. एन्टाक्मिया हें टाकींत आपोआप दुभंगून एकाचीं दोन होतें, व एखाद्या छांदिष्टाकडून तसें घरचें पुष्प मिळूं शकतें. क्रिस्पा, मॅग्निफिका, हॅडोनी हीं बहुतेक सर्व समुद्रांतूनच उचललेलीं असतात, आणि खडकावर त्यांची जागा भरून निघावयास फार वर्षें लागतात. टाकी सजविण्यास समुद्रांतले 'जिवंत दगड' म्हणून जें विकलें जातें त्यांत दगडी पोवळ्यांचे तुकडे असण्याचा संभव असतो. हीं पोवळीं २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलेलीं आहेत, आणि तीं बाळगणें गुन्हा होय. ज्यांना समुद्रपुष्पें नुसतीं पाहावयाचीं आहेत त्यांनीं रत्नागिरी-मालवणकडे गेल्यास ओहोटीच्या वेळीं खडकांतल्या डबक्यांत वांकून पाहावें. मुंबईच्या किनाऱ्यावर तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ सालापासून लोकांना ओहोटीस घेऊन जाऊन असे जीव त्यांच्या जागींच दाखवीत आली आहे. आमच्या मुलांना पुढच्या सुटींत न्यावें असें घाटत आहे.

संक्रांतीच्या दिवशीं आम्ही सर्व तिळगूळ घेऊन लक्ष्मीनगरास गेलों होतों. पुष्प एका दगडाच्या पायथ्याशीं वाळूंत तळवा रोवून बसलें होतें. त्या दिवसापासून तें हललेलें नाहीं, असें गृहस्थ म्हणाले. शुंडिकांच्या मुळांशीं फिकट पिंगट छटा आली होती, टोकांकडे अजून पांढरेंच होतें. पुतण्या आतां दर रविवारीं सायकलनें जातो आणि रंगाची नोंद वहींत करतो. आमच्या टाकीस श्रावणांत वर्ष पुरें होईल. परंतु त्याआधीं मे महिना आहे, आणि नागपुरांत त्या महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या वर जातो हें सांगावयास नको. समुद्रपुष्पास पाणी हवें चोवीस ते सत्तावीस अंशांचें. पाण्यावर पंखा लावल्यास बाष्पीभवनानें दोनतीन अंश उतरतात. मात्र त्याच खोलींत वाळ्याचा कूलर चालू असला तर हवा आधींच दमट होते आणि पंख्याचा गुण येत नाहीं. कूलर बंद करावा तर मातोश्रींना उकडतें. पाणी थंड करण्याचें यंत्र घ्यावें तर त्याची किंमत टाकीहून अधिक, आणि दुपारीं वीज गेली म्हणजे तेंही थांबतें. पुतण्यानें यंत्रासाठीं आपल्या खाऊच्या पैशांतून सतराशें रुपये जमविले आहेत. मे जाऊं द्यावा, मग पाहूं, असें बंधूंचें म्हणणें. तें तेथेंच राहूं द्यावें, असें वहिनींचें. मातोश्रींनीं अद्याप मत दिलेलें नाहीं. चपलांच्या कपाटांतला डबा मात्र त्यांनीं टाकूं दिलेला नाहीं.